इयत्ता तिसरी, तुकडी बाबा

आमच्या घरात तिसरीत दोघं जण आहेत. एक माझी मुलगी आणि दुसरा मी. मुलीचं बरं चाललंय.

हे असं कसं झालं ते सांगतो, पण आधी चहा घ्या, कारण गोष्ट लांबते. वीस वर्षं मी कर्जत ते सीएसएमटी असा प्रवास केला, जायचे १०० किलोमीटर आणि यायचे १००, पहाटे निघायचो तेव्हा लेक झोपलेली असायची आणि रात्री परतायचो तेव्हा पुन्हा झोपलेली, त्यामुळे ती मला फक्त आडवीच ठाऊक होती, आणि बालवाडीच्या स्नेहसंमेलनात ती ससा होऊन उड्या मारत स्टेजवर आली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना कौतुकानं विचारलं, "गोड आहे हो, कुणाची?" ती बाई माझी सख्खी मेव्हणी निघाली.

तर अशा या मुलीचा अभ्यास बायको घ्यायची. बायको खोपोलीला एका पतपेढीत आहे. पुढे आमच्या ऑफिसनं आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायची मुभा दिली आणि त्याच सुमारास पतपेढीनं बायकोला बढती दिली. एका संध्याकाळी कणीक मळता मळता, मागे वळूनही न बघता, ती म्हणाली, "अहो, यंदापासून हिचा अभ्यास तुम्ही घ्या." मी म्हटलं, घेतो की, तिसरीचा तर अभ्यास! हे वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं वापरतात. दूध उतू गेलं, छत्री विसरली, कुकरची शिटी राहिली, की माझी आई स्वयंपाकघरातून म्हणते, "तिसरीचा तर अभ्यास."

मी लगेच कार्डशीट आणून तीन रंगांच्या स्केचपेननं वेळापत्रक केलं. चार ते साडेचार गणित, साडेचार ते पाच मराठी, पाच ते सव्वापाच मुक्त संवाद. लेकीनं ते बारकाईनं वाचलं.

"बाबा, मुक्त संवाद म्हणजे काय?"

"आपण दोघांनी मोकळेपणानं गप्पा मारायच्या."

"मग त्या पाचलाच का मारायच्या?"

वेळापत्रक त्या रात्रीच फ्रिजच्या मागच्या बाजूला गेलं. तिथे ते झुरळांना उपयोगी पडत असावं.

पहिला दणका गणितानं दिला. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतोय ना? एकवीसच्या जोडीला 'वीस एक', सत्त्याण्णवच्या जोडीला 'नव्वद सात'. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या, की लिहिताना आपण आधी दोन लिहितो आणि मग एक, बोलताना मात्र आधी एक म्हणतो आणि मग वीस, त्यात ही जोडाक्षरं, आणि या उलट्यापालट्यात लहान मूल अडखळतं. दक्षिणेकडच्या भाषांत सरळ दशक आधी, एकक मागून असंच म्हणतात. पण समजून घ्यायला वेळ कुणाला होता? विधानसभेपर्यंत विषय गेला, आणि आमच्या डब्यात तर नेरळपासून कल्याणपर्यंत तेवढंच चाललं होतं. त्या टिंगलीत मी आघाडीवर. 'चौसष्ट कलां'ना 'साठ चार कला' म्हणून मी वांगणीच्या आसपास जो हशा मिळवला, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा हशा. लेक तेव्हा घरी बोबडं बोलत होती. काळ कुणाला कुठे गाठेल, सांगता येत नाही.

मला त्यानं गॅसवाल्याच्या रूपात गाठलं. तीन जिने चढून तो दारात उभा, खांद्यावर भरलेला सिलिंडर, आणि तोंडात एकच मंत्र, "कोड सांगा." कोड येतो बायकोच्या मोबाइलवर, बायको बसलेली खोपोलीच्या गाडीत, आणि गाडी केळवली आणि डोलवलीच्या मधे, जिथे फोनवर निम्मं बोलणं ऐकू येतं आणि निम्मं आपलं आपण समजून घ्यायचं असतं. "एकोणसाठ त्र्याहत्तर," ती ओरडली. मी गॅसवाल्याला रुबाबात सांगितलं, "सहा नऊ सात तीन." चूक आला. पुन्हा फोन. "अहो, एकोणसाठ!" मी म्हटलं, तेच तर सांगतोय, सहा नऊ. तिनं पुन्हा एकोणसाठ म्हटलं, मी पुन्हा सहा नऊ घातला. मधेच मला वाटलं की चूक त्र्याहत्तरमध्ये असावी, म्हणून तिथे त्र्याऐंशी घालून पाहिला. तोवर लौजी आलं, फोन कटला, आणि गॅसवाला सिलिंडर पुन्हा खांद्यावर घेऊन एक अक्षर न बोलता जिना उतरू लागला.

लेक गॅलरीत चित्र रंगवत होती. तिनं कठड्यावरून वाकून खाली हाक मारली, "काका! पन्नास नऊ, सत्तर तीन!"

तो तीन जिने पुन्हा चढून आला. या खेपेला त्यानं कोड माझ्याकडे मागितलाच नाही.

संध्याकाळी झाल्या प्रकारावर पांघरूण घालायचं म्हणून मी आईसमोर, लेकीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "काही म्हणा, आमच्या वेळचं शिक्षण ते शिक्षण. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी!" आई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तुझ्या वेळी कुठे होती? ती माझ्या वेळची. तुला सतराचा पाढा येईना म्हणून मास्तरांनी घरी निरोप धाडला होता." लेकीचा रंगवायचा हात थांबला. एवढ्या आदरानं ती माझ्याकडे कधीच बघत नाही, तेवढ्या आदरानं तिनं आजीकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, निरोपात काय लिहिलं होतं?"

नारळीकर बाईंची मी मनातल्या मनात माफी मागितली. वांगणीचा तो हशाही परत केला असता, पण ते लोक आता कुठे भेटायचे!

गणितात आपलं जमत नाही म्हटल्यावर माझा मोर्चा शिक्षणशास्त्राकडे वळला. (ज्याला पोहता येत नाही तो काठावरून सूचना फार छान देतो, तशातली गत.) मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल वाचलं. १९४५मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम त्यांनी १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नसतील तर शाळेनं मुलांकडे जावं, असा त्यांचा सरळ हिशोब, म्हणून वाड्यांवरच्या अंगणात अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणात कुरणशाळा. मी अतिशय प्रभावित झालो. प्रभावित होणं हा माझा जुना आजार आहे. बायकोला तो ठाऊक असल्यानं तिनं नुसतं विचारलं, "म्हणजे आता नेमकं काय करणार?" मी म्हटलं, परिसरातून शिक्षण.

योगायोगानं शाळेतून तसाच गृहपाठ आला होता. परिसरातल्या पाच रानभाज्यांची माहिती गोळा करून वहीत लिहा. जूनचा तिसरा आठवडा, दोन-चार सरी पडून गेलेल्या, आणि कर्जत स्टेशनच्या रस्त्यावर वाड्यांवरून आलेल्या ठाकर आणि कातकरी बाया पुढ्यात जुड्या मांडून बसलेल्या. मी लेकीला घेऊन निघालो. खिशात वही, पेन आणि कापडी पिशवी. चेहऱ्यावर अनुताईंचे भाव.

पहिल्याच मावशीसमोर मी एक जुडी उचलून म्हटलं, "बघ बाळा, ही मेथी." मावशी म्हणाली, "टाकळा हाय त्यो." पुढे भारंगीच्या पानांना मी अडुळसा म्हणालो, फोडशीला मी कांद्याची पात म्हणालो, आणि कुरडू ओळखण्याची वेळ आली तेव्हा शहाणपणानं गप्प बसलो, तर मावशीनं आपणहून विचारलं, "आन् ही कंची, सांगा बगू?" माझ्याभोवती सहा-सात गिऱ्हाइकं जमली होती. मी मोबाइल वाजल्याचा बहाणा करून कानाला लावला. तेवढ्यात तो खरोखरच वाजला.

लेक एव्हाना मावशीच्या शेजारी गोणपाटावर जाऊन बसली होती आणि दोघींचं काहीतरी चाललं होतं. मी घासाघीस करून शेवळाच्या दोन जुड्या घेतल्या. शेवळं आमच्या भागात पावसाच्या तोंडाशी थोडेच दिवस येतात. जमिनीतून भाल्यासारखा कोंब वर येतो, बाहेर जांभळट, आत पिवळसर. मावशीनं जुड्यांबरोबर मूठभर हिरवी, आवळ्याएवढी फळं पानात बांधून दिली. मला वाटलं बाई मनानं मोठी आहे, पोरीला खेळायला देतेय. मी ती लेकीच्या हातात दिली. तिनं घरी येईपर्यंत रस्त्यात सगळी गोट्यांसारखी खेळून संपवली.

त्या रात्री भाजी मी केली. कृतीतून शिक्षण! कांदा परतला, शेवळं बारीक चिरली, तिखट-मीठ-गूळ घातला, वरून खोबरं पेरलं, आणि पहिला घास घेऊन आई म्हणाली, "चव बरी आहे रे." दुसऱ्या घासाला तिनं घशाला हात लावला. तिसऱ्या घासाला बायको उठून बेसिनकडे गेली. मग आम्ही तिघं कोकमाचं पाणी, चिंचेचा कोळ, ताक, पुन्हा कोकम असं जे मिळेल ते घशाखाली ओतत घरभर फिरत होतो, आणि जिभेवर कुणी खाजकुयली पेरल्यासारखं वाटत होतं. लेक एकटी पाटावर मांडी घालून तूपभात खात होती.

"तू का नाही खाल्लीस गं?" बायकोनं जेमतेम विचारलं.

"मावशी म्हणाली होती, काकडं टाकल्याबिगर खायची न्हाई, घशाला खाज सुटते. ती फळं काकडंच होती."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"बाबा मला माहिती देत होते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पतपेढीत बढतीनंतरची पहिली सभा होती. बायकोनं ती खुणांनी चालवली. आणि लेकीच्या वहीत सुवाच्य अक्षरात नोंद होती: 'शेवळाची भाजी काकडं घालून करतात. माझ्या बाबांनी न घालता केली.' खाली बाईंनी लाल पेनानं बरोबरची खूण केली होती. दोन्ही वाक्यांना.

आता घाट. तुम्ही म्हणाल हा माणूस एवढ्यावर थांबला असेल. थांबायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये शाळेत 'माझा तालुका' असं प्रदर्शन ठरलं. बाईंनी निरोप पाठवला होता, की काडेपेटी, दोरा, बटणं असं घरातलंच काहीतरी वापरून मुलांनी स्वतः छोटीशी वस्तू करावी. 'मुलांनी' आणि 'स्वतः' या दोन शब्दांखाली बाईंनी रेघ मारली होती. ती मी वाचली नाही असं नाही. मला वाटलं, ती इतर पालकांसाठी आहे. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाचे प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातून तयार येतात, ज्वालामुखी अडीचशेला, सूर्यमाला तीनशेला. त्यामानानं आपण तर घरी करणार होतो.

लेकीचं आधीच ठरलं होतं. तीन काडेपेट्यांची गाडी, तिला मागून ढकलणारी आणखी एक काडेपेटी, म्हणजे बँकर. कर्जतकराला बँकर सांगायला नको; पुण्याकडे जाणारी गाडी इथे थांबते, मागून इंजिनं लागतात आणि ती गाडीला घाटातून ढकलत नेतात, आणि ती लागेपर्यंत वडा खाऊन होतो. पहिलीत असताना लेकीनं 'माझे गाव' या निबंधात लिहिलं होतं, की आमच्या गावात बँकेतले लोक गाडी ढकलतात. आई पतपेढीत असल्यामुळे तिला ते अगदीच साहजिक वाटलं होतं.

"काडेपेटीची गाडी?" मी हसलो. "आपण आख्खा बोरघाट करू. बोगद्यांसकट."

"पण घाट मला नाही करायचा."

"मी आहे ना."

थर्माकोल आणायला गेलो तर दुकानदारानं माझ्याकडे गुन्हेगारासारखं पाहिलं. २०१८च्या बंदीनंतर मी थर्माकोल विकतच घेतला नव्हता. मग ठरला कागदाचा लगदा. आईनं सांगितलं, पूर्वी लगद्याच्या टोपल्या करायचे तेव्हा त्यात मेथ्या वाटून घालत, चिवट होतो. मी घरातल्या सगळ्या मेथ्या घातल्या. रद्दी दोन बादल्या भिजत टाकली, आणि उत्साहाच्या भरात भिंतीवरच्या कॅलेंडरचं जूनचं पानही फाडून आत टाकलं, कारण जून संपला होता. त्या पानावर दुधाचा हिशोब होता. दूधवाल्यानं बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, तीस दिवस रोज दीड लिटर. आम्ही आठ दिवस गावी होतो, पण पुरावा कालवला गेला होता. आईनं दिडकी म्हणून क्षणात सांगितलं, "पंचेचाळीस लिटर. दे आता."

मग मी प्रमाण काढायला बसलो. प्रकल्प शास्त्रशुद्ध हवा. जुना घाट जवळजवळ १६ मैलांत १,८०० फुटांहून थोडा जास्त चढतो, आणि सगळ्यात कठीण चढ ३७ फुटांना एक फूट. फळी तीन फुटांची. गुणाकार, भागाकार, पुन्हा भागाकार करून रात्री साडेअकराला उत्तर आलं: तीन फुटांच्या फळीवर माझ्या बोरघाटाची उंची पाऊण इंच. मी तीनदा पडताळून पाहिलं. तंतोतंत प्रमाणात केला तर सह्याद्रीच्या कड्यावरचा तो घाट थालीपिठाएवढा जाड होत होता.

लेक पाणी प्यायला उठली होती. तिनं कागद बघितला. "एवढासाच चढ? मग बँकर कशाला लागतात?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, झोप आता, उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी ती तळमजल्यावरच्या काकांकडे गेली. काकांनी सगळी नोकरी रेल्वेच्या इंजिनावर काढलेली. त्यांनी तिच्यासमोर एक स्टीलचं ताट तिरकं धरलं आणि त्यावर स्टीलची वाटी ठेवली. वाटी घसरली. मग ताटावर ओला रुमाल अंथरून पुन्हा ठेवली; थांबली. "लोखंडी रूळ, लोखंडी चाक," काका म्हणाले. "घासलं जात नाही म्हणून तर एक इंजिन एवढे डबे सपाटीवर सहज ओढतं. पण त्याच कारणानं चढावर चाक पकड सोडून जागच्या जागी गरगरतं. तुझ्या बाबाला सदतिसात एक हा चढ चढ वाटायचा नाही, गाडीला ती भिंत आहे. शिवाय नुसतं पुढून ओढलं तर डब्यांच्या जोडांवर सगळा ताण. मागून आधार असला म्हणजे ताणही कमी, आणि डबा सुटून मागे घरंगळायची भीतीही नाही." मी दारात उभा राहून ऐकत होतो. आयुष्यभर त्या घाटाच्या पायथ्याशी राहिलो, हजार वेळा मागचं इंजिन पाहिलं, आणि इतकी वर्षं माझी अशी समजूत होती की पुढच्या इंजिनाची ताकद कमी असते म्हणून दुसरं लावतात, आमच्या आळीतल्या रिक्षेला धक्का देतात तसं.

काकांनी आणखीही एक सांगितलं. हा घाट बांधणाऱ्या पहिल्या ठेकेदारानं १८५९मध्ये अंग काढून घेतलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या माणसानं ठेका घेतला, तो इंग्लंडहून इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. तेव्हा त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, काम स्वतःच्या अंगावर घेतलं, दोन इंजिनिअर नेमले, आणि १८६३मध्ये घाट सुरू झाला. तोवर मुंबईहून आलेले उतारू खोपोलीला उतरून पालखीनं, नाहीतर घोड्यावरून, खंडाळ्याला चढायचे.

ही गोष्ट लेकीनं जेवताना आईला सांगितली. बायकोनं आमटी वाढता वाढता माझ्या लगद्याच्या बादलीकडे एकवार पाहिलं. "म्हणजे तेव्हापासूनच तसं आहे," ती म्हणाली.

प्रमाण सोडून दिलं. दीड फूट उंचीचा घाट उभा केला, पाच बोगदे पाडले, आणि खंडाळ्याच्या अलीकडे तो जुना रिव्हर्सिंग स्टेशनचा फाटा काढला, जिथे १९२९पर्यंत गाडी एका टोकाला जाऊन थांबायची आणि उलट्या दिशेनं पुढे निघायची. माझ्या फाट्यावर गाडी टोकाला जायची. तिथून पुढे रूळ करायला मी विसरलो होतो.

आणि घाट वाळेना. कर्जतचा जुलै; आमचे टॉवेल वाळत नाहीत, तिथे दोन बादल्या सह्याद्री कुठला वाळणार! पंख्याखाली ठेवला, इस्त्री फिरवली, तव्यावर फडकं गरम करून शेक दिला, माझ्या आईला बाळंतपणात दिला नसेल इतका शेक दिला. चौथ्या दिवशी बोगदा नंबर दोनवर पांढरी लव आली. मला वाटलं, बर्फासारखं दिसतंय. सहाव्या दिवशी तिला काळे ठिपके आले आणि सगळ्या घराला मेथीच्या लाडवाचा आणि भिजलेल्या वर्तमानपत्राचा एकत्र वास यायला लागला. बायको म्हणाली, "याला गॅलरीत ठेवा." आई म्हणाली, "याला देवाजवळून हलवा." लेकीनं मात्र भिंग आणलं आणि ती तासभर त्या बुरशीसमोर पालथी पडून राहिली, वहीत रोज तारीख घालून लव किती वाढली ते पट्टीनं मोजून लिहीत होती. सगळ्या घाटात तिला रस वाटला तो एवढ्याच भागात. मी तो शेवटी खरवडून, रंग मारून टाकला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी पाऊस कोसळत होता. घाट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रिक्षात मांडीवर घेतला. माझ्या पलीकडे लेक, तिच्या हातात खोकं, खोक्यात तिच्या काडेपेट्या. रिक्षावाल्यानं विचारलं, "गणपती लवकर आणला का हो?" मी गर्वानं सांगितलं, बोरघाट आहे. तो म्हणाला, "मग सावकाश नेतो," आणि पहिल्याच खड्ड्यात माझ्या मांडीवर काहीतरी गरम, ओलं सरकलं. रंगाखाली आतून घाट कच्चाच होता. दुसऱ्या खड्ड्याला बोगदा नंबर दोन गेला, त्याच्यामागे तीन आणि चार. शाळेच्या फाटकाशी उतरलो तेव्हा माझ्या पँटवर खंडाळा होता आणि चपलेत नागनाथ.

मी फळी टेबलावर ठेवली आणि त्या ढिगाऱ्याकडे बघत उभा राहिलो. बाईंनी समजूतदारपणे दुसरीकडे पाहिलं. लेकीनं मात्र एक क्षण विचार केला, कोपऱ्यातला बसायचा पाट आणून त्याचं एक टोक दोन पुस्तकांवर टेकवलं, ढिगारा त्याला चिकटून नीट सारला, आणि पाटावरून आपली गाडी सोडली: पुढे इंजिनासकट तीन काडेपेट्या, त्यांना दोरा, मागे बँकर. बँकर तिनं पेन्सिलीनं ढकलला की गाडी कोसळलेल्या बोगद्याच्या शेजारून अलगद वर जायची. मग तिनं पुठ्ठ्यावरचं 'बोरघाट' हे माझ्या हातचं, तीन रंगांतलं नाव खोडलं आणि खाली लिहिलं, 'पावसाळ्यातला बोरघाट.'

गर्दी जमली. केंद्रप्रमुख आले होते, तेही थांबले. त्यांनी दोनदा गाडी वर नेऊन पाहिली, बँकर कशाला लागतो ते तिला विचारलं, आणि तिनं लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ, ताट आणि वाटी, सगळं धडाधड सांगून टाकलं. ते खूश झाले. मग त्यांची नजर माझ्या पँटकडे गेली.

"छान. हे सगळं तू केलंस?"

"गाडी आणि बँकर मी केला," लेक म्हणाली.

"आणि बाबांनी काय केलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही हे मीच तिला मुक्त संवादात शिकवलं होतं.

"दरड," ती म्हणाली. "दरड बाबांनी पाडली."